'बोर': लेखन एक, पण शब्द किती?

नोंदवही:
सिरिलिक लिपीतल्या भाषांची एक सामाईक शब्दसूची तयार करायची आहे, आणि एका नोंदीपाशी काम अडलं आहे. ब, ओ, र या तीन सिरिलिक अक्षरांचा 'बोर' हा शब्द निदान तेरा ठिकाणी जसाच्या तसा सापडतो: रशियन, बेलारुशियन, युक्रेनियन, बल्गेरियन, सर्बियन, मॅसिडोनियन, कझाक, किरगिझ, उझबेक, ताजिक, मंगोलियन, काल्मिक आणि ओसेटियनची डिगोर बोली. अर्थ मात्र असे: पाइनचं जंगल, पाइनचं झाड, बोरॉन, दात कोरायचं टोक, खडू, 'आहे', 'जा', ओझं, 'इतक्या वेळा', करडा-तपकिरी, पिवळा.

प्रश्न असे:
शीर्षशब्द एकच ठेवून त्याखाली अर्थ द्यावेत की वेगवेगळ्या नोंदी कराव्यात? वेगळ्या केल्या तर रेघ कुठे मारायची?
ताजिक 'बोर' म्हणजे ओझं. हा आपल्या 'भार'चाच भाऊ आहे की नुसता कानाला तसा वाटतो?
आणि समोर फक्त एक सुटी ओळ असेल, भाषा लिहिलेली नसेल, तर कुठला 'बोर' हे कशावरून ठरवायचं?

(सिरिलिक शब्द देवनागरीत अक्षराला अक्षर लावून लिहितो आहे. उच्चार थोडा इकडेतिकडे होईल, चालवून घ्या.)

ओकारांत:
नोंदी वेगळ्याच करा. त्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात घेतली तर पुढचा अर्धा गुंता आपोआप सुटतो: या तेरा भाषांत 'ओ' हे अक्षर दिसायला एक असलं तरी ते तिथे वेगवेगळ्या वाटांनी पोचलं आहे.

ताजिकमधला ओ म्हणजे फारसीचा जुना दीर्घ आ. आपण 'दरबार' म्हणतो, ताजिक लोक 'दर्बोर' लिहितात. पहिला ऱ्हस्व अ तसाच राहिला, दुसऱ्या दीर्घ आचा ओ झाला. म्हणून ताजिक 'बोर' पाहिला की मनात आधी 'बार' म्हणायचं, मग मूळ शोधायचं.

उझबेकमधला ओ म्हणजे बहुतेकदा तुर्की कुळातला जुना आ, उच्चार 'ऑ'कडे झुकणारा. कझाक आणि किरगिझमधला ओ खरोखरीच जुना ओ आहे. रशियनमधला ओ कधी जुना ओ असतो, तर कधी लोप पावत चाललेल्या एका अतिऱ्हस्व स्वराचा वारस. मंगोलियनमध्ये मूळ शब्द 'बोरो' असा दोन अक्षरी, शेवटचा स्वर झडून 'बोर' उरला. बुर्यात भाषेत तो अजूनही 'बोरो' असाच लिहितात.

म्हणजे लेखन जुळलं याचा अर्थ एवढाच, की वेगवेगळे रस्ते एका चौकात येऊन मिळाले. मध्य आशियातल्या बहुतेक भाषांना सिरिलिक लिपी १९४०च्या आसपास मिळाली. मंगोलियासाठी निर्णय १९४१चा, आणि सरसकट वापर १९४६पासून. शब्द त्याआधी शेकडो वर्षं वेगवेगळे होते, लिपीने त्यांना एका रांगेत उभं केलं. त्यामुळे रेघ आधी भाषेप्रमाणे मारा, मग प्रत्येक भाषेच्या आत मुळाप्रमाणे. अर्थाप्रमाणे मारू नका. एकाच मुळातून दोन दूरचे अर्थ निघतात, आणि दोन मुळांतून जवळजवळ एकच अर्थही निघू शकतो.

देवदारू:
स्लाव्ह भाषांपुरतं लिहितो, कारण सर्वात जास्त घोळ तिथेच होतो. बाहेरून वाटतं की रशियन 'बोर' हा एक शब्द आहे आणि त्याचे चार अर्थ आहेत. प्रत्यक्षात ते चार-पाच स्वतंत्र शब्द आहेत.

पहिला, जंगलाचा. रशियन आणि बेलारुशियनमध्ये बोर म्हणजे पाइनचं किंवा एकूण सूचिपर्णी झाडांचं जंगल, मुख्यतः कोरड्या, रेताड, उंचवट्याच्या जमिनीवरचं. बल्गेरियन, सर्बियन, मॅसिडोनियनमध्ये मात्र बोर म्हणजे पाइनचं एकेक झाड. मूळ एकच, मूळ स्लाव्ह भाषेतला 'बोरु' (शेवटी अगदी ऱ्हस्व उ). जुन्या इंग्रजीतला 'बेआरु' म्हणजे झाडी, जुन्या नॉर्समधला 'बर्र' म्हणजे सूचिपर्णी झाडाची सुईसारखी पानं, हे त्याचे नातलग मानले जातात. रशियनमधून बल्गेरियनमध्ये भाषांतर करताना नेमकी इथेच चूक होते. रशियनमध्ये 'बोरात गेला' म्हणजे जंगलात शिरला. बल्गेरियनमध्ये तेच म्हणायचं तर 'बोरोवा गोरा' असं फोडून सांगावं लागतं. मॉस्कोतल्या सेरेब्रानी बोर या नावाचा अर्थ 'रुपेरी पाइनवन' आहे, 'रुपेरी झाड' नाही.

दुसरा, बोरॉन. १८०८मध्ये फ्रान्समध्ये गे-ल्युसॅक आणि थेनार यांनी, आणि इंग्लंडमध्ये डेव्ही यांनी हे मूलद्रव्य वेगळं काढलं. नाव टाकणखाराच्या लॅटिन नावावरून, 'बोराक्स'वरून पडलं. लॅटिनमध्ये तो शब्द अरबीतून आला आणि अरबीत फारसी 'बूरा'वरून. रशियनने फ्रेंच रूप उचललं आणि शेवटी 'ओन' न लावता नुसतं 'बोर' ठेवलं. वर दिलेल्या बाकीच्या भाषांत मूलद्रव्याचं नाव 'बोर' दिसेल तर ते याच आंतरराष्ट्रीय नावाचं रूप समजा, स्थानिक शब्दाशी त्याचा संबंध लावू नका.

तिसरा, दाताचा. दात कोरायच्या यंत्राला जे छोटं फिरतं टोक लावतात ते बोर. हा जर्मन 'बोरेन' (भोक पाडणे) या क्रियापदाच्या घरातला शब्द, आणि यंत्राचं नावही जर्मनच्या धर्तीवर 'बोरमाशिना'. मराठीत आपण जमिनीत 'बोर मारतो' तो इंग्रजीतून आला, आणि इंग्रजी शब्द जर्मनचा सख्खा नातलग. तेव्हा तेरा भाषांतल्या एवढ्या बोरांपैकी आपल्या विंधनविहिरीच्या बोरशी खरं नातं असलेला हा एकच. (झाडावरचं आपलं बोर संस्कृत 'बदर'वरून. त्याचा इथे कोणाशीच संबंध नाही.)

चौथा, गवताचा. 'बोर राझ्वेसिस्ती' हे सावलीतल्या जंगलात वाढणाऱ्या एका रानटी गवताचं रशियन नाव, शास्त्रीय नाव मिलियम एफ्युझम. यातला ओ जुना ओ नाही, ओकारांत म्हणतात तो लोपणारा ऱ्हस्व स्वर. पुरावा चेक भाषेत सापडतो: तिथे जंगलवाला 'बोर'च राहिला, पण राळ्याच्या धान्याला 'बेर' म्हणतात. एकच मूळ असतं तर चेकमध्ये दोन वेगळे स्वर आले नसते.

ओळखायची सोपी कसोटी म्हणजे विशेषण पाहणे. जंगलाचं विशेषण 'बोरोवोय', त्यातूनच बोरोविक ही अळंबी. बोरॉनचं विशेषण 'बोर्नी', म्हणून 'बोर्नाया किस्लोता' म्हणजे बोरिक आम्ल. दाताच्या टोकाला विशेषण जवळजवळ लागतच नाही, तिथे समास येतो. बल्गेरियन आणि सर्बियनमध्येही हाच भेद टिकतो: पाइनसाठी 'बोरोव', आम्लासाठी 'बोर्ना'. विशेषण समोर नसेल तर सप्तमी बघा. जंगलात म्हणायचं तर 'व बोरू', आघात शेवटी. बोरॉनमध्ये म्हणायचं तर 'व बोरे'.

युक्रेनियनकडे खास लक्ष द्या. तिथे बंद (म्हणजे व्यंजनावर संपणाऱ्या) अक्षरातल्या जुन्या ओचा ई झाला, म्हणून रशियन 'कोन' (घोडा) तिथे 'कीन' होतो. त्याच नियमाने जंगल 'बीर' झालं. मूलद्रव्याचं नाव नंतर आलेलं, त्याला हा नियम लागला नाही, म्हणून ते 'बोर'च. थोडक्यात, युक्रेनियन मजकुरात प्रथमेत नुसतं 'बोर' दिसलं तर ते जंगल नव्हे. फक्त षष्ठीत दोघांचं रूप 'बोरू' होतं, तिथे आजूबाजूचे शब्द वाचावेच लागतील.

आता एक सापळा, ज्यात विज्ञानाची भाषांतरं हमखास अडकतात. भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांचं आडनाव रशियनमध्ये याच तीन अक्षरांत लिहितात. 'आतोम बोरा' म्हणजे बोरॉनचा अणू, आणि तेच 'बोरा' मोठ्या अक्षराने सुरू झालं की बोर यांनी मांडलेली अणूची रचना. सगळी मोठी अक्षरं वापरलेल्या मथळ्यात हा फरक पुसला जातो. यंत्राने सगळा मजकूर लहान अक्षरांत बदलून घेतला तरी पुसला जातो. तेव्हा सूचीसाठी मजकूर गोळा करताना मोठी-लहान अक्षरं सपाट करण्याआधीची प्रत जपून ठेवा.

नोंदवही:
देवदारू, विशेषणाची कसोटी फारच उपयोगी आहे, धन्यवाद. लगेच एक पुढची शंका. नोव्हगोरोदच्या मध्ययुगीन कागदपत्रांत 'चोर्नी बोर' असं येतं. शब्दशः 'काळा बोर'. बल्गेरियनमध्ये 'चेरेन बोर' आहे आणि सर्बियनमध्ये 'त्सर्नी बोर', तिन्ही ठिकाणी विशेषण 'काळा'च. ही तिन्ही एकाच नोंदीत घ्यायची ना? एक जंगल, दोन झाडं, असं?

धातुपाठ:
नाही, इथे थांबा. बल्गेरियन आणि सर्बियनमधली दोन झाडं आहेत, काळा पाइन, पायनस नायग्रा. नोव्हगोरोदचा 'चोर्नी बोर' हा कर आहे. १४व्या-१५व्या शतकांत मॉस्कोचे राजे नोव्हगोरोदच्या प्रदेशातून जी वसुली घेत, तिचं ते नाव. कागदात त्याच्या शेजारी 'घेणे', 'देणे' ही क्रियापदं आणि नाण्यांची मापं असतात, झाडं-लाकूड काही नसतं.

हा पाचवा स्लाव्ह 'बोर', आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचा. 'ब्रात्' म्हणजे घेणे, उचलणे, या क्रियापदाचं हे नाम. आजच्या रशियनमध्ये तो एकटा जवळजवळ वापरात नाही, पण उपसर्गांच्या आडोशाला भरपूर आहे: 'स्बोर' म्हणजे गोळा करणे किंवा शुल्क, 'वीबोर' म्हणजे निवड, 'नाबोर' म्हणजे संच, 'सोबोर' म्हणजे सभा आणि त्यावरून मोठं चर्च. बल्गेरियन 'सबोर' आणि सर्बियन 'साबोर' हेही तिथलेच.

आता तुमच्या 'भार'च्या प्रश्नाकडे येतो. 'ब्रात्'चा धातू आणि आपला 'भृ' धातू (भरति, बिभर्ति) एकच. आदि भारोपीय भाषेत (संस्कृत, फारसी, स्लाव्ह या सगळ्यांची मानलेली पूर्वज) मूळ अर्थ वाहून नेणे. त्याचं ओ-स्वर असलेलं नाम स्लाव्हमध्ये 'बोर' झालं, आणि संस्कृतात मोकळ्या (स्वरावर संपणाऱ्या) अक्षरातला तोच ओ दीर्घ आ झाला, म्हणून 'भार'. इराणी शाखेत भचा महाप्राण गेला आणि 'बार' राहिला. भ्राता तिकडे 'बरादर', भूमी तिकडे 'बूम', तसाच भार तिकडे 'बार'. पुढे ताजिकमध्ये दीर्घ आचा ओ झाला आणि 'बोर' तयार. बरादरचंही ताजिक लेखन 'बरोदर' असंच आहे.

म्हणजे ताजिक 'बोर' (ओझं) आणि रशियन 'स्बोर'मधला 'बोर' हे खरे चुलत भाऊ, आणि 'भार' त्यांच्यात तिसरा. रशियन जंगलवाला बोर या कुटुंबात बसत नाही. सूचीत 'सगोत्र' असा रकाना ठेवणार असाल तर जोडणी याप्रमाणे करा, नाहीतर ताजिक ओझ्यापुढे रशियन जंगल येऊन बसेल.

एक जोड सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'सोबोर'मधला पहिला भाग आपल्या 'सम्'शी जोडला जातो आणि दुसरा 'भार'शी. घटकाला घटक लावला तर समोर 'संभार' उभा राहतो, आणि संभारचा संस्कृतातला अर्थही गोळा करणे, जमवाजमव हाच. दोन्ही भाषांनी तो समास आपापला केला असेल, पण साहित्य एकाच कोठारातलं.

फारसी 'बार' तर मराठीत थेट आलेला आहे. माल भरायचं 'बारदान' म्हणजे बार (ओझं) अधिक दान (ठेवण्याचं पात्र). शिवकाळातला 'बारगीर' म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार, पण फारसीत बारगीर हा आधी ओझं वाहणारा घोडा. तेव्हा मराठी वाचकाने ताजिक 'बोर'ला परका समजू नये.

मात्र ताजिकमध्ये हा एकटा नाही. 'से बोर' म्हणजे तीन वेळा, 'बोरि दिगर' म्हणजे पुन्हा एकदा. हा 'वेळा' अर्थाचा बोर वेगळा शब्द धरा, ओझ्यातून तो काढू नका. तिसरा 'बोर' म्हणजे 'बोरिदन' (पाऊस किंवा बर्फ पडणे) या क्रियापदाचा धातू: 'बर्फ मेबोरद' म्हणजे बर्फ पडतो आहे. याचं जुनं रूप मध्ययुगीन फारसीत 'वार'ने सुरू होत असे, आणि संस्कृत 'वारि' त्याच्या शेजारी ठेवतात. या धातूवरून पावसाला 'बोरोन'. मूलद्रव्याच्या इंग्रजी नावासारखं दिसतं म्हणून यंत्राने केलेल्या भाषांतरात ताजिक पावसाचं बोरॉन होऊ शकतं, तेवढं एकदा तपासून घ्या.

ओळखायला: शेजारी संख्या किंवा 'हा/दुसरा' असं काही असेल तर 'वेळा'. 'कर्दन' (करणे) किंवा जड-हलकं सांगणारं विशेषण असेल तर ओझं. 'बोरि गरोन' म्हणजे जड ओझं. आधी 'मे' आणि शेवटी क्रियापदाचा प्रत्यय असेल तर पाऊस.

तळटीप:
तुर्की कुळाच्या भाषांबद्दल. इथे मुख्य धोका असा की कझाक 'बोर' आणि उझबेक 'बोर' एकाच कुळातल्या दोन भाषांत, एकाच लेखनात आहेत, आणि तरी एकमेकांचे कोणीही नाहीत.

कझाक आणि किरगिझमध्ये बोर म्हणजे खडू. उझबेकमध्ये बोर म्हणजे 'आहे', आणि 'जा'सुद्धा.

हे पटवून घ्यायला दुसरी एक जोडी घ्या. कझाकमध्ये 'आत' म्हणजे घोडा आणि 'ओत' म्हणजे आग. उझबेकमध्ये 'ओत' म्हणजे घोडा! कारण उझबेकमध्ये जुना आ सरकून ओच्या अक्षरावर आला, आणि जुना ओ त्याच्याही पुढे, उ अक्षरावर चंद्रकोर काढलेल्या वेगळ्या अक्षरावर गेला. ते अक्षर दिसतं उसारखं, पण उच्चार आपल्या ओच्या जवळचा. उझबेक आग त्या अक्षराने लिहितात. खडूही त्याच अक्षराने, म्हणजे डोळ्यांना 'बूर' दिसेल असा. आणि कझाक 'बार' (आहे) उझबेकमध्ये 'बोर' होतो, घोड्याच्याच चालीने.

तातार आणि साखा (याकुत) भाषा साक्षीला बोलावल्या की शंकाच उरत नाही. तातारमध्ये जुन्या ओचा उ होतो: आग 'उत', खडू 'आकबुर' (आक म्हणजे पांढरा). साखामध्ये जुना दीर्घ ओ 'उओ' होतो: आग 'उओत', आणि 'बुओर' म्हणजे माती, चिकणमाती. आग जशी चालते तसाच खडू चालतो, चारही भाषांत. खडू आणि चिकणमाती हा अर्थाचा फरकही फार लांबचा नाही.

उझबेक 'आहे' आणि 'जा' हा एकच शब्द का नाही, याचंही उत्तर साखामध्ये आहे. तिथे 'आहे' हा 'बाआर', स्वर दीर्घ. 'जा' हा 'बार', स्वर ऱ्हस्व. उझबेकमध्ये ऱ्हस्व-दीर्घ भेद मिटला आणि दोन्हींचा बोर झाला. त्यामुळे उझबेकखाली या दोन स्वतंत्र नोंदी करा. तिसरी नोंद 'वेळा' अर्थाची, फारसी-ताजिककडून घेतलेली: 'मिंग बोर' म्हणजे हजार वेळा, 'याना बिर बोर' म्हणजे पुन्हा एकदा. चौथी मूलद्रव्याची.

वाक्यात ओळखणं अवघड नाही. 'कितोब बोर' म्हणजे पुस्तक आहे, बोर शेवटी आणि त्याच्या आधी प्रथमेतलं नाम. 'माक्ताबगा बोर' म्हणजे शाळेत जा, आधी 'गा' हा चतुर्थीचा प्रत्यय. प्रश्नार्थक 'बोर्मी' दिसलं तर बहुधा 'आहे का'. सर्वात जास्त चूक इथे होते: 'बोर्मान' म्हणजे मी आहे, 'बोरामान' म्हणजे मी जातो. मधला एक आ कागद स्कॅन करताना सुटला तर हजेरीचं प्रस्थान होतं.

कझाक भूगर्भशास्त्राचा मजकूर असेल तर 'बोर केझेंगी' म्हणजे क्रिटेशस कालखंड, शब्दशः खडूचा कालखंड. रशियनमध्येही त्या काळाला खडूचाच काळ म्हणतात, पण रशियन खडू 'म्येल' आहे. रशियन डोळ्यांनी वाचणारा तिथे बोरॉनचे साठे समजतो, कारण आजूबाजूला खनिजांचीच चर्चा असते. शेजारी 'युरा' (जुरासिक) आहे का, तेवढं पाहा.

धातुपाठ:
तळटीप, घोडा-आगीचं उदाहरण नेमकं बसलं. कझाक आणि उझबेक हे एकाच कोष्टकात द्यायचे असतील तर घोडा, आग, आहे, खडू या चार ओळी पुरेशा आहेत. नोंदवही, प्रस्तावनेत तेवढं कोष्टक द्याच. वाचणाऱ्याला नियम आपला आपण दिसतो.

पूर्वेकडून:
मंगोलियन आणि डिगोरबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात.

मंगोलियन आणि काल्मिक बोर म्हणजे करडा, तपकिरीकडे झुकणारा रंग. 'बोर शुवू' (करडा पक्षी) म्हणजे चिमणी. साधं, नम्र, विनासजावट असाही छटार्थ आहे: 'बोर गेर' म्हणजे साधंसुधं घर. तिथे 'करडं घर' असं भाषांतर केलं तर वाक्य मरतं. तुर्की कुळात याच्या समोर 'बोझ' (करडा) उभा आहे. तुर्की झ आणि मंगोल र अशी जोडी इतरही शब्दांत दिसते. ती जुन्या उसनवारीची की त्याहून जुन्या नात्याची, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. म्हणून सूचीत 'तुलना करा: बोझ' एवढंच लिहावं. कझाक 'बोर'शी (खडू) याला जोडू नये, खडूही फिक्या रंगाचा असला तरी.

डिगोर बोलीत बोर म्हणजे पिवळा. ओसेटियनच्या इरोन बोलीत तोच शब्द 'बुर' आहे, आणि प्रमाणभाषा इरोनवर उभी असल्याने कोशात आधी बुर सापडेल. हा इराणी शब्द, फारसीत फिकट केसांना म्हणतात तो 'बूर' याच्या जवळचा. मंगोलियनही रंग, डिगोरही रंग, लेखनही एक. तरी दोन नोंदी ठेवा. ओकारांत वर म्हणाले ते इथे लागू: अर्थावर रेघ मारू नका.

पावसाचं अजून एक. मंगोलियनमध्ये पाऊस 'बोरो', शेवटचा ओ दोनदा लिहून दीर्घ. ताजिकमध्ये पाऊस 'बोरोन'. दोन्ही बोर-ने सुरू होतात, दोन्ही पाऊस. पण ताजिक शब्दाच्या सुरुवातीला पूर्वी व होता हे धातुपाठ यांनी सांगितलंच आहे. मंगोलियन शब्द त्या वाटेने आलेला नाही.

टंकसाळ:
सुट्या ओळीवरून भाषा कशी ओळखायची हा प्रश्न राहिलाच. 'बोर'ची तीन अक्षरं काहीच सांगत नाहीत. शेजारचे शब्द सांगतात. मी या क्रमाने पाहायला सांगेन.

आ आणि ए एकमेकांना चिकटवून केलेलं जोडाक्षर दिसलं की ओसेटियन, पुढे पाहायची गरज नाही. इवर आडवी रेघ, उवर आडवी रेघ, किंवा शेपूट लावलेला 'च' दिसला तर ताजिक. उवर चंद्रकोर असेल तर दोनच पर्याय, बेलारुशियन किंवा उझबेक. टिंबवाला इ सोबत असेल तर बेलारुशियन, शेपूट असलेले 'क' आणि 'ह' असतील तर उझबेक. टिंबवाला इ आणि डोकं खाली केलेला 'e' (ә) एकत्र असतील तर कझाक. दोन टिंबांचा इ म्हणजे युक्रेनियन. लॅटिन 'जे'सारखं अक्षर आलं की सर्बियन किंवा मॅसिडोनियन. क आणि गवर तिरकी रेघ असेल तर मॅसिडोनियन, दांडीवर आडवी रेघ मारलेली दोन खास अक्षरं असतील तर सर्बियन.

किरगिझ आणि मंगोलियन एकमेकांसारख्या दिसतात, दोन्हीत मधे रेघ असलेला ओ आणि खाली दांडी असलेला उ. शेपटीचा 'न' असेल तर किरगिझ, स्वर वारंवार जोडीने येत असतील आणि तो न कुठेच नसेल तर मंगोलियन. पण किरगिझमध्येही दीर्घ स्वर जोडीनेच लिहितात, म्हणून निर्णय नवर सोपवा, स्वरांवर नाही. रशियन आणि बल्गेरियन यांत खास अक्षरं नाहीत. शब्दाच्या पोटात कठीण चिन्ह (ъ) स्वरासारखं वारंवार येत असेल तर बल्गेरियन. दोन भागांत लिहिलेला 'ई' (लॅटिन 'b' आणि उभी रेघ यांसारखा, ы) असेल तर रशियन.

आता शोध का फसतो, त्याची तीन कारणं.

ओ आणि र ही सिरिलिक अक्षरं लॅटिन ओ आणि पीसारखी हुबेहूब दिसतात. टंकणाऱ्याने मधेच लॅटिन अक्षर दाबलं असेल तर डोळ्यांना 'बोर' दिसेल, शोधयंत्राला नाही. ओसेटियनचं ते जोडाक्षरही अनेक मजकुरांत सिरिलिकऐवजी लॅटिन संकेतांकाने टाकलेलं असतं. आधी सगळा मजकूर एका संकेतांकात आणा, मगच मोजणी करा.

दुसरं, स्कॅन केलेल्या कागदात लहान 'ब' हा सहाच्या इंग्रजी आकड्यासारखा वाचला जातो. म्हणून '6ओर' असाही शोध घ्या, विशेषतः जुन्या शब्दकोशांच्या प्रतींत.

तिसरं, जुनं लेखन. १९१८च्या सुधारणेआधी रशियनमध्ये आणि १९४५च्या आधी बल्गेरियनमध्ये व्यंजनान्त शब्दाच्या शेवटी कठीण चिन्ह लिहीत, उच्चार नसलेलं. तिथे शब्द चार अक्षरांचा आहे. पूर्ण शब्द जुळवणारा शोध लावला असेल तर जुना सगळा मजकूर हातातून निसटतो, आणि धातुपाठ म्हणतात तो करवाला बोर बहुतांशी त्याच मजकुरात आहे.

देवदारू:
टंकसाळ यांच्या यादीला एक जोड. रूपं शोधताना 'बोरा' या रूपाकडे सावधपणे पाहा. रशियनमध्ये ते बोरची षष्ठी, पण नोव्होरोसिस्कच्या किनाऱ्यावर डोंगरावरून उतरणाऱ्या थंड, जोरकस वाऱ्यालाही 'बोरा'च म्हणतात, तो इटालियनमधून आलेला, आघात दुसऱ्या अक्षरावर. सर्बियनमध्ये 'बोरा' म्हणजे कपाळावरची सुरकुती, आणि पाइनची षष्ठीही. तसंच सर्बियातलं बोर हे तांब्याच्या खाणीचं शहर आहे, खाण १९०३पासूनची. खाणकामाच्या बातमीत मोठ्या अक्षराने बोर आला तर तो बोरॉन नसून बहुधा ते गाव असतं. निझ्नी नोव्हगोरोदच्या समोर, व्होल्गाच्या पलीकडेही बोर नावाचं शहर आहे. आणि 'बोर्बा' (झुंज) हे याच अक्षरांनी सुरू होतं, तरी तो आणखी वेगळा धातू. त्याला यात ओढू नका.

वाक्प्रचारांसाठी स्वतंत्र रकाना ठेवा. 'स बोरू पो सोसेन्के' म्हणजे शब्दशः प्रत्येक जंगलातून एकेक पाइन, अर्थ इथून-तिथून गोळा केलेलं. 'सिर-बोर' म्हणजे शब्दशः ओलं जंगल, अर्थ कशावरून तरी पेटलेला वाद. पण 'सिर' हाच शब्द रशियनमध्ये चीजसाठीही आहे. दोन्ही शब्द सुटे करून अर्थ लावला तर चीज आणि बोरॉन हाती येतं. म्हणून हे दोन वाक्प्रचार अखंडच नोंदवा.

नोंदवही:
सगळ्यांचे आभार. आता मांडणी अशी करतो: शीर्षशब्द भाषेनुसार, त्याखाली मुळानुसार क्रमांक. रशियन सहा (जंगल, मूलद्रव्य, दाताचं टोक, गवत, ऐतिहासिक कर, आडनाव), ताजिक चार, उझबेक चार, कझाक आणि किरगिझ प्रत्येकी दोन, मंगोलियन दोन, डिगोर एक. दक्षिण स्लाव्ह तिन्ही भाषांत झाड आणि मूलद्रव्य. युक्रेनियनमध्ये जंगल 'बीर'खाली, 'बोर'वरून फक्त 'पाहा' असा निर्देश.

धातुपाठ:
युक्रेनियनमध्ये एक भर हवी. देवदारू यांनी सांगितलेलं राळ्याचं 'बोर' तिथेही आहे, आणि त्यातला ओ जुना ओ नसल्यामुळे त्याचा ई होत नाही. म्हणजे युक्रेनियन 'बोर' प्रथमेत दिसला तर मूलद्रव्य, दाताचं टोक किंवा धान्य, यांपैकी एक. शेतीच्या मजकुरात तिसरं आधी तपासा.

नोंदवही:
घेतलं. युक्रेनियनखाली धान्याची तिसरी नोंद वाढवली, आणि रशियन गवताच्या नोंदीतून तिकडे निर्देश दिला.